पीएचपी ५.२, एक पॅच आणि अडकलेल्या पट्ट्या

२०१५ चा मे महिना. सावद्यात केळीची कटिंग जोरात होती. आमच्या रावेर तालुक्यात केळीची कापणी असं फारसं कोणी म्हणत नाही, कटिंगच म्हणतात. सकाळी मजूर बागेत जातात, घड उतरतात, काट्यावर वजन होतं, संध्याकाळी ट्रक भरून उत्तरेकडे निघतो आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते. पट्टीवर वजन, भाव, कपात आणि शेवटी रक्कम. नवती, पिलबाग, कांदेबाग, वापसी हे मालाचे प्रकार, प्रत्येकाचा भाव निराळा. पट्टी निघाली नाही तर शेतकऱ्याचे पैसे अडकतात, आणि मे महिन्यात पुढच्या मृगबागेच्या लागवडीसाठी त्याला ते पैसे लागतातच.

मी ज्या केळी ग्रुपचं, म्हणजे केळीच्या पेढीचं, कॉम्प्युटरचं काम बघायचो, तिथला सगळा हिशेब पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेल्या एका प्रोग्रामवर चालत होता. २००९ मध्ये एका हुशार मुलाने तो लिहून दिला आणि नंतर तो नोकरीसाठी बाहेर गेला. डेबियन लेनी ही लिनक्सची आवृत्ती, पीएचपी ५.२.६ आणि डेटाबेससाठी मायएसक्यूएल. सहा वर्षं त्या मशीनने कुरकुर केली नाही. एका शुक्रवारी दुपारी लाइट गेली, आली, परत गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा मशीन उठलं नाही. मदरबोर्ड गेला होता आणि हार्ड डिस्क खरखर आवाज करत होती. एक गोष्ट मात्र शाबूत होती. ग्रुपचे दिवाणजी, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, रोज संध्याकाळी न चुकता पेनड्राइव्हवर बॅकअप घेत होते. प्रोग्रामचं फोल्डर आणि डेटाबेसची पूर्ण प्रत त्यात होती.

आप्पांनी, म्हणजे ग्रुपच्या मालकांनी, एकच विचारलं. "कितला वेळ लागीन रे भाऊ?"

"सोमवारी सकाळी पट्टी निघीन आप्पा," मी म्हणालो. तोवर नाना कच्च्या पावत्या हाताने लिहिणार होते.

नवीन मशीन भुसावळहून त्याच संध्याकाळी आणलं. लेनी त्यावर बसेना, इतकं जुनं कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नव्या हार्डवेअरला ओळखतच नव्हतं. म्हणून लिनक्सचंच उबंटू १४.०४ टाकलं. त्यात पीएचपी ५.५ येतं. प्रोग्राम चढवला आणि पहिल्याच पानावर पार्स एरर, म्हणजे कोड वाचतानाच अडला. त्या मुलाने एका पानावरून दुसऱ्या पानावर पाठवण्यासाठी ‘गोटू’ नावाचं फंक्शन लिहिलं होतं आणि ते दीडशेहून जास्त फायलींत वापरलं होतं. पीएचपी ५.३ पासून ‘गोटू’ हा भाषेचाच राखीव शब्द झाला, त्यामुळे त्या नावाचं फंक्शन आता लिहिताच येत नाही.

नाव बदलणं अवघड नव्हतं, एका कमांडीत झालं असतं. मी थांबलो ते दुसऱ्या कारणाने. ५.३ मध्ये राउंडिंगची, म्हणजे रक्कम पूर्णांकात आणण्याची, आतली पद्धतच बदलली. समजा माल १२.७० क्विंटल आहे आणि भाव १,१०५. गुणाकार येतो १४,०३३ रुपये ५० पैसे. कागदावर हे सरळ दिसतं. पण १२.७० हा आकडा कॉम्प्युटरच्या फक्त ० आणि १ वापरणाऱ्या पद्धतीत नेमका मांडताच येत नाही, आत एक अगदी जवळचा आकडा बसतो. मग गुणाकार बरोबर अर्ध्यावर पडतो की केसभर खाली, आणि राउंड करणारं फंक्शन त्या केसभर फरकाकडे कसं बघतं, यावर पट्टीवर १४,०३४ छापायचं की १४,०३३ हे ठरतं. एक रुपया लहान वाटतो. पण ज्या शेतकऱ्याकडे जुनी पट्टी आहे त्याला त्याच मालाची नवी पट्टी एक रुपयाने कमी दिसली, तर प्रश्न रुपयाचा राहत नाही. ग्रुपचा शब्द जातो. म्हणून मी ठरवलं की चालू हंगामात प्रोग्रामला हात लावायचा नाही आणि भाषाही तीच ठेवायची. ५.२ च्या मालिकेतला शेवटचा, जानेवारी २०११ चा ५.२.१७, सोर्स कोडमधून कंपाइल करायचा, म्हणजे मूळ कोडपासून आपणच बांधायचा.

सोर्सचं बंडल रात्रीच मोबाईलच्या नेटवर उतरवून घेतलं. टूजी होतं, दहा एमबीच्या आसपासची फाइल, जेवून परत येईपर्यंत चाललं.

कॉन्फिगर, म्हणजे बांधणीआधी लागणाऱ्या गोष्टी तपासणारी स्क्रिप्ट, चालवलं तर पहिली अडचण मायएसक्यूएलची. संदेश असा की ‘यूएसआर’खाली लायब्ररी सापडत नाही, आणि ही लायब्ररी आता पीएचपीसोबत येत नाही हे लक्षात ठेवा. लायब्ररी तर मी बसवली होती. भानगड अशी की उबंटूने मधल्या काळात लायब्ररींचे कप्पे बदलले आणि ६४-बिटवाल्या एका वेगळ्या उपफोल्डरात नेऊन ठेवल्या. २०११ चं कॉन्फिगर जुन्याच जागी शोधत होतं. लिबडिर या पर्यायात नवीन जागा सांगितली आणि ते पुढे गेलं. अपाचे या वेब सर्व्हरच्या आतच पीएचपी बसवणाऱ्या मॉड्यूलच्या वाटेला मी गेलो नाही. उबंटूतलं अपाचे २.४ आणि हे जुनं पीएचपी यांचं जमणार नव्हतं, म्हणून पीएचपी अपाचेबाहेर वेगळं चालवणारं फास्ट-सीजीआय घेतलं. ओपनएसएसएल वगळलं, कारण प्रोग्रामला ते लागतच नव्हतं.

मग मेक, म्हणजे प्रत्यक्ष बांधणीची कमांड. पडद्यावर ओळी भराभर सरकू लागल्या. चार-पाच मिनिटं सगळं ठीक चाललं आणि डॉम या एक्सएमएल हाताळणाऱ्या भागाच्या फोल्डरातल्या नोड नावाच्या सी फाइलवर थांबलं. ‘डीरेफरन्सिंग पॉइंटर टू इनकम्प्लीट टाइप.’ म्हणजे ज्या वस्तूच्या आत तू डोकावतोयस, तिच्या आत काय आहे ते मला माहीतच नाही.

रात्रीचे साडेअकरा झाले होते. मी सोपी वाट धरली, डॉम बंद करून परत कॉन्फिगर. मग तीच चूक सिंपलएक्सएमएलमध्ये आली, तेही बंद केलं. आता बांधणी शेवटपर्यंत गेली. अपाचे जोडलं, प्रोग्राम उघडला, लॉगिन झालं, शेतकऱ्यांची यादी आली. खूप बरं वाटलं. एक कच्ची पट्टी काढली, ती दिसली. पक्की करायला गेलो आणि पडद्यावर आलं की ‘डॉमडॉक्युमेंट’ नावाचा क्लास सापडत नाही. पट्टी पक्की होताना प्रोग्राम टॅलीसाठी एक्सएमएलचं व्हाउचर लिहितो, आणि ते लिहायला डॉम लागतं. म्हणजे पळवाट बंद. त्या चुकीला सामोरं जाणं भागच होतं.

शनिवारी सकाळी ती फाइल उघडून बसलो. चूक होती ती १९५० व्या ओळीच्या आसपास. तिथलं फंक्शन एक्सएमएलचा मजकूर एका बफरमध्ये साठवतं आणि शेवटी ‘किती साठलं’ ते मोजून बाहेर देतं. मोजताना ते थेट बफरच्या पोटात हात घालत होतं, बफरमधला बफर, त्यातलं ‘यूज’ नावाचं खातं. मी काय होतं ते बघावं म्हणून ती ओळ कॉमेंट केली. मग पुढची ओळ अडली. मग लाइट गेली आणि मी घरी आलो. ही कॉमेंट केलेली ओळ लक्षात ठेवा, पुढे हिने माझे चार तास खाल्ले.

घरी मोबाईलवर शोधताना कारण कळलं आणि ते वाचून मला खरोखर समाधान वाटलं. चूक कोणाचीच नव्हती. एक्सएमएल वाचणारी ही लायब्ररी, लिबएक्सएमएल२, हिची २.९.० आवृत्ती सप्टेंबर २०१२ मध्ये आली. पूर्वी बफरमधली लांबी लहान आकड्यात ठेवायचे, त्यामुळे फार मोठा मजकूर त्यात बसत नसे. तो मोठा करायचा तर बफरची आतली रचना बदलावी लागणार होती, आणि ती बदलता यावी म्हणून त्यांनी ती रचना बाहेरच्यांपासून झाकून टाकली. पूर्वी पेढीवर कोणीही यावं, गल्ल्यात हात घालून नोटा मोजाव्यात अशी रीत होती. आता गल्ल्याला कुलूप आहे, रक्कम हवी तर दिवाणजींना विचारा, ते सांगतील. विचारण्यासाठी दोन नवी फंक्शन्स दिली, एक आकार सांगणारं आणि एक मजकूर हातात देणारं. पीएचपी ५.२ जानेवारी २०११ ला थांबलं, कुलूप लागलं सप्टेंबर २०१२ ला. जुन्या कोडला हे कळायला वावच नव्हता.

आणि यावर पॅच, म्हणजे कोडमधली तयार दुरुस्ती, होता. २०१२ च्या ऑगस्टमधलाच, लहानसा, तीन फायलींना लागणारा. डॉममधल्या दोन, सिंपलएक्सएमएलमधली एक. त्यात प्रत्येक ठिकाणी कंपायलरला प्रश्न विचारलेला होता. ‘लिबएक्सएमएल२_न्यू_बफर’ ही खूण दिसते का? दिसली तर दिवाणजींना विचार, नाही तर जुन्या रीतीने गल्ल्यात हात घाल. ही खूण लायब्ररीने आपल्याच हेडर फाइलमध्ये लावून ठेवली आहे, म्हणजे तोच कोड जुन्या आणि नव्या दोन्ही मशीनवर चालतो. किती नीट विचार केलेलं काम आहे हे!

मी तो मजकूर मोबाईलवर निवडला, कॉपी केला, एका नोटमध्ये टाकला आणि ब्लूटूथने मशीनवर घेतला. सगळा गोंधळ इथून सुरू झाला.

पॅच लावणारा पॅच नावाचा प्रोग्राम लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये लिहिला. पर्ल भाषा बनवणारे ते हेच, पर्ल त्यानंतर १९८७ ची. आजही जगभरात बदल पाठवण्याची रीत त्याच कल्पनेवर चालते. पूर्ण फाइल पाठवू नका, कोणत्या ओळी काढायच्या, कोणत्या घालायच्या आणि आजूबाजूला कोणत्या ओळी आहेत एवढंच पाठवा. प्रोग्राम आजूबाजूच्या ओळींवरून जागा शोधतो. ओळींचे नंबर थोडे मागेपुढे झाले तरी त्याला चालतं. बदलाला अगदी लागून असलेली ओळच बदलली तर मात्र नाही.

पहिला प्रयत्न मी सवयीने ‘पी१’ लावून केला. तो म्हणाला, फाइलच सापडत नाही, पी चुकला का बघा. पी म्हणजे पॅचमध्ये लिहिलेल्या वाटेतले पहिले किती कप्पे गाळायचे. माझ्या पॅचमधली वाट ‘ईएक्सटी’ फोल्डरपासूनच सुरू होत होती, त्यातला पहिला कप्पा गाळला तर राहतं फक्त डॉम, आणि तसं फोल्डर सोर्सच्या मुळाशी नाही. ‘पी०’ केल्यावर फाइल सापडली.

दुसऱ्यांदा ‘मालफॉर्म्ड पॅच’, म्हणजे पॅचची मांडणीच बिघडलेली. पॅचमध्ये प्रत्येक बदलाच्या आधी दोन ‘ॲट’ चिन्हांमध्ये आकडे असतात, जुन्या फाइलच्या अमुक ओळीपासून इतक्या ओळी, नव्याच्या अमुक ओळीपासून इतक्या. त्याच ओळीच्या शेवटी फंक्शनचं नाव असतं, आणि आमच्या या फंक्शनचं नाव लांबलचक. मोबाईलच्या नोटने ती ओळ मध्येच तोडली. तुटलेला तुकडा पुढच्या ओळीवर गेला आणि ओळींचा हिशेब चुकला. ओळ जोडली.

तिसऱ्यांदा ‘हंक फेल्ड’, म्हणजे बदलाचा तुकडा लागला नाही, तिन्ही फायलींत. याचं कारण डोळ्यांना दिसत नाही. पीएचपीचा सोर्स ओळींच्या सुरुवातीला टॅब वापरतो. मोबाईलवरून कॉपी करताना टॅबचे स्पेस झाले. पडद्यावर दोन्ही सारखेच रिकामे दिसतात. कॅट कमांडला मोठा ए लावून फाइल छापली तर टॅबच्या जागी टोपी आणि आय दिसतो, स्पेसच्या जागी काही दिसत नाही. मूळ फाइलीत टोप्यांची रांग, माझ्या पॅचमध्ये एकही टोपी नाही. पॅचला मोकळ्या जागेचा फरक सोडून दे असं सांगता येतं, त्यासाठी लहान एल लावतात. तो लावला आणि दोन फायली लागल्या. नोडची फाइल तरीही नाकारली.

नाकारलेला भाग तो वेगळ्या फाइलीत लिहून ठेवतो, मूळ नावापुढे ‘रेज’ लावून. ती मी दहादा वाचली. शब्दन् शब्द बरोबर. मग परत पॅच चालवला, या वेळी काही वेगळं होईल म्हणून. त्याने विचारलं, हा पॅच आधीच लावलेला दिसतो, उलटा लावू का? दुपारचे दोन वाजले होते, बाहेर ऊन रणरणत होतं, लाइट नव्हती, यूपीएस बीप करत होता. मी वाय दाबला. लागलेल्या फाइलीतला बदल त्याने गुमान काढून टाकला. मग दुसऱ्या फाइलीसाठी विचारलं, तिथे मी एन दाबला. आता कोणत्या फाइलीत काय आहे हे मला सांगता येत नव्हतं.

तेव्हा यूपीएस बंद केला आणि बाहेर नानांजवळ जाऊन बसलो. ते काट्यावरच्या चिठ्ठ्या वहीत उतरवत होते. म्हणाले, "जमत नाही का रे?"

"कुठपर्यंत आलो तेच कळत नाही नाना."

"मग पहिल्यापासून मांड ना. आकडा हरवला तर मी खालून मोजत नाही बसत, वरून मांडतो."

नाना चाळीस वर्षं खतावणी लिहितात, हे त्यांनी सहज म्हटलं. पण मला तेच हवं होतं. लाइट आल्यावर पहिलं काम केलं ते सोर्सचं बंडल दुसऱ्या फोल्डरात नव्याने उघडणं. मग जुन्या आणि नव्या फोल्डरातल्या नोडच्या फाइलीची तुलना केली, आणि सकाळी कॉमेंट केलेली ती ओळ समोर आली. पॅच ज्या ओळीच्या आधाराने जागा शोधत होता, तीच मी बदलून ठेवली होती. पॅच बरोबर होता, तो लावायची फाइल मूळ राहिली नव्हती.

स्वच्छ फोल्डरात एल लावून पॅच सरळ लागला असता, हे मला माहीत होतं. पण मोबाईलवरून आलेल्या त्या मजकुरावर माझा भरवसा उरला नव्हता, आणि तीन फायलींत मिळून मोजक्या ओळी होत्या. मी पॅच समोर ठेवला आणि हाताने घातला. प्रत्येक ओळ वाचायची, काय बदलतंय ते समजून घ्यायचं, मग टाइप करायची. डॉक्युमेंट टाइपची फाइल, सिंपलएक्सएमएलची फाइल, शेवटी नोड. नोडमध्ये बदल दोन-तीन ठिकाणी होते, तिथे पहिली अट टाइप करून पुढे तीच चिकटवली.

मेक. परत नोडवर थांबलं. तीच चूक, तोच शब्द.

मला प्रथम वाटलं की मेक जुनीच फाइल बघतंय. असं होण्याला कारणही होतं. दुपारी लाइट गेली तेव्हा कंपाइल चालू होतं, आणि अशा वेळी अर्धवट लिहिलेली ऑब्जेक्ट फाइल मागे राहते. मेक फक्त वेळ बघतो, फाइल पुरी आहे की अर्धी हे त्याला कळत नाही. पण हे तर नवं फोल्डर. तरी मेक क्लीन केलं, पुन्हा सगळं बांधलं, दहा मिनिटं गेली. तीच चूक.

आता मी चूक नीट वाचली. आदल्या रात्री मी ओळीचा नंबर वहीत लिहून ठेवला होता. आताचा नंबर त्याच्यापुढे बरोबर तीन होता. तीन का? कारण जुन्या ओळीच्या वर मी तीन ओळी घातल्या होत्या, अटीची एक, नव्या कोडची एक आणि ‘नाही तर’ची एक. म्हणजे कंपायलर माझीच बदललेली फाइल वाचत होता, आणि तरीही जुन्याच ओळीवर अडत होता. मग तो ‘नाही तर’च्या बाजूला जातोय. त्याला खूण दिसतच नाहीये.

खात्रीसाठी अटीच्या दोन्ही बाजूंना एरर नावाची सूचना घातली, वरच्या बाजूला ‘नवीन’, खालच्या बाजूला ‘जुना’. ही सूचना दिसली की कंपायलर तो मजकूर चूक म्हणून छापतो. फक्त नोडची फाइल कंपाइल केली. छापलं, ‘जुना’.

मग लायब्ररीची ट्री नावाची हेडर फाइल उघडली आणि खूण शोधली. होती. पडद्याचे दोन भाग करून एका बाजूला हेडरमधली खूण, दुसऱ्या बाजूला माझी. बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. हेडरमध्ये ‘लिबएक्सएमएल२_न्यू_बफर’. माझ्याकडे ‘लिबएक्सएमएल_न्यू_बफर’. मधला २ नव्हता. पहिल्या ठिकाणी टाइप करताना सुटला आणि चिकटवल्यामुळे पुढेही तसाच गेला.

सी भाषेत कंपाइल होण्याआधी अशा अटी वाचणाऱ्या प्रीप्रोसेसरला एखादं नाव माहीत नसेल तर तो चूक दाखवत नाही. ‘ही खूण आहे का’ या प्रश्नाला तो सरळ ‘नाही’ म्हणतो आणि पुढे जातो. व्हेरिएबलचं नाव चुकलं तर कंपायलर ओरडतो, इथे ओरडणारं कोणी नाही. जिथे जिथे अशी अट हाताने लिहायची असेल तिथे मी आता नाव हेडरमधूनच उचलतो. त्या दिवसापासून लागलेली सवय आहे.

२ घातला, एररच्या सूचना काढल्या, मेक. नोड गेली. सिंपलएक्सएमएल गेलं. रात्री साडेनऊला शेवटची ओळ आली, बांधणी पूर्ण झाल्याची, आणि तिच्याखाली नेहमीची विनंती की आता मेक टेस्ट चालवा. मी डॉमच्या आणि गणिताच्या चाचण्या चालवल्या. मग आप्पांना फोन केला.

"झालं का?"

"बांधून झालं आप्पा. उद्या हिशेब मिळवून बघतो, मग झालं म्हणतो."

रविवारचा दिवस माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा होता. बांधणी झाली म्हणजे आकडे बरोबर येतीलच असं नाही. जुनं मशीन ३२-बिटचं होतं, नवं ६४-बिटचं, आणि प्रोसेसर दशांशाची आकडेमोड दोन्हीकडे वेगळ्या पद्धतीने करतो. म्हणून डेटाबेसमधून मागच्या हंगामातल्या चारशे पट्ट्या निवडल्या. त्यात मुद्दाम अशा घेतल्या ज्यांची रक्कम पन्नास पैशांवर पडत होती. एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, ती प्रत्येक पट्टीचं वजन आणि भाव घ्यायची, प्रोग्रामच्याच फंक्शनने रक्कम काढायची आणि साठवलेल्या रकमेशी ताडून बघायची.

तीनशे नव्याण्णव जुळल्या. एक नाही. फरक एक रुपयाचा नव्हता, तब्बल ४६ रुपयांचा.

मी ती पट्टी तीन वेळा हाताने केली. माझा आकडा बरोबर येत होता, साठवलेला चुकीचा. शेवटी नानांना घरी फोन केला. रविवारची दुपार, तरी ते आले. पट्टीचा नंबर बघितला, कपाटातून त्या महिन्याची फाइल काढली, ऑफिसची प्रत शोधली. पट्टीच्या कडेला त्यांच्याच अक्षरात पेनने लिहिलं होतं, काट्यावर दोनदा नोंदलेला एक घड वजा केला. वजन त्यांनी नंतर दुरुस्त केलं होतं, रक्कम तशीच राहिली होती.

"हे माझं आहे," नाना म्हणाले. "त्या शेतकऱ्याला पुढच्या पट्टीत वळतं केलं होतं मी. लिहिलंय बघ खाली."

खाली खरंच लिहिलं होतं.

मशीनची नेटची वायर मी काढून टाकली. २०११ पासून एकही सुरक्षा-दुरुस्ती न मिळालेलं पीएचपी इंटरनेटला दाखवायचं नव्हतं, ते फक्त ऑफिसातल्या पाच कॉम्प्युटरना दिसेल एवढंच ठेवलं. प्रोग्राम नवीन पीएचपीवर नेण्याचं काम दिवाळीनंतर, कटिंग उतरल्यावर करायचं ठरलं आणि तसं ते केलंही.

सोमवारी सकाळी पावणेआठला पहिली पक्की पट्टी निघाली, चिनावलच्या एका शेतकऱ्याची, पिलबागेचा माल. टॅलीत व्हाउचर गेलं का ते नानांनी स्वतः उघडून बघितलं. दुपारपर्यंत तीन दिवसांच्या कच्च्या पावत्या पक्क्या झाल्या.

मग मी स्वच्छ बंडल आणि माझं बदललेलं फोल्डर यांतला फरक काढून माझा स्वतःचा पॅच बनवला, टॅब जिथल्या तिथे. मूळ बंडल, तो पॅच, कॉन्फिगरला दिलेली पूर्ण ओळ आणि चारशे पट्ट्या ताडणारी स्क्रिप्ट हे सगळं एका फोल्डरात घातलं, त्यातूनच नव्याने एकदा बांधून बघितलं आणि नानांच्या पेनड्राइव्हवर टाकलं. नानांनी पेनड्राइव्ह एका पाकिटात घातला, पाकिटावर तारीख लिहिली, खाली सही केली आणि मलाही सही करायला सांगितली. ते पाकीट तिजोरीत खतावणीच्या बाजूला गेलं.